सुलोचना नव्हे, धोंडी

धोंडीकाकीला कुणी सुलोचना म्हणून हाक मारली तर ती ओ द्यायची नाही. ऐकू यायचं तिला, पण वळून बघायची नाही. मी हे पहिल्यांदा रेशनच्या दुकानात पाहिलं. दुकानदार कार्ड वाचून ओरडत होता, “सुलोचना! अहो, सुलोचना कोण?” काकी त्याच्या पुढ्यातच मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. शेवटी त्याने मान वर केली आणि चिडला.

“अहो काकी, तुम्हीच ना? किती ओरडायचं माणसाने?”

“मी नाय. ती कारडावरची बाई आसंल,” काकी म्हणाली. “मी धोंडी.”

मग मशीनवर अंगठा लावायची वेळ आली. आयुष्यभर माती उपसून तिच्या बोटांवरच्या रेघा पुसून गेलेल्या. मशीनने तीनदा नाही म्हटलं. काकी रांगेकडे वळून म्हणाली, “बगा, यंत्राला सुद्दा कळलं. सुलोचना आलेलीच नाय.” सगळी रांग हसली. मी मात्र पदर तोंडावर घेऊन खाली बघत राहिले, कारण तिच्याबरोबर मी आले होते आणि आता सगळे माझ्याकडेही बघणार होते.

तिच्या आधी तिच्या आईची तीन मुलं गेली होती. चौथी ही. जगावी म्हणून आईने तिला जन्मल्यावर सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या माळावर, एका जांभ्याच्या धोंड्यावर ठेवलं, दोन पावलं मागे गेली, पुन्हा पुढे येऊन उचललं आणि म्हणाली, मला धोंडा सापडला. धोंड्याला कोण नेतो? म्हणून धोंडी. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळांवर सुलोचना असं नाव लिहिलं. काकीला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, नक्षी काढली. दुसऱ्या दिवशी सासू मागल्या दारातून “सुलोचना, सुलोचना” करत होती आणि ही चुलीपुढे बसून विचार करत होती, या घरात आणखी कोण सून आहे बाय?

कळल्यावरही तिने ओ दिली नाही. तीन दिवस सासू हाका मारत राहिली. चौथ्या दिवशी सासूला विहिरीवर कळशी उचलून द्यायला माणूस हवं होतं. “धोंडे, ये गो,” म्हणाली. काकी धावत गेली. त्यानंतर घरात धोंडी आणि कागदावर सुलोचना अशा दोन बायका राहिल्या, आणि काकीने कागदावरच्या बाईशी कधी ओळख करून घेतली नाही.

माझं माहेरचं नाव मंदा. लग्नात नंदा केलं. एका अक्षराचा फरक, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मलाही वाटलं नव्हतं. काकीला सहज सांगितलं तर ती हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाली, “येक आक्षर तर येक आक्षर. तुज्याकडं मागितलंनी होतं काय?”

“नाही.”

“मग चोरलंनी.”

त्या दिवसापासून ती मला मंदा म्हणू लागली. आम्ही दोघी कामाला होतो त्या नर्सरीत ती एकटीच.

नर्सरी भाऊंची. लांज्याच्या अलीकडे, हायवे सोडून आत गेलं की लागते. हापूसची आणि काजूची कलमं हा तिथला धंदा आणि जास्वंद हा भाऊंचा नाद. काकी तिथे माती कालवून पिशव्या भरायला होती. मी पुष्कळ नंतर लागले. माझी शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर बरं, म्हणून भाऊंनी मला झाडांच्या पट्ट्या लिहायला बसवलं. मला ते आवडलं, कारण पट्ट्या लिहिताना कुणाशी बोलावं लागत नाही.

भाऊ सकाळी ऊन चढायच्या आत एका जास्वंदीचे पराग बारीक ब्रशने दुसरीच्या तुऱ्याला लावायचे आणि फांदीला दोरा बांधायचे. काकी पिशव्या भरता भरता वर्षभर बघत होती. एक दिवस म्हणाली, “भाऊ, फुलाला काय रंग देतावसा? भिंत हाय काय ती?” आणि ज्याचे पराग घ्यायचे ते फूलच तिने सरळ तोडलं, पाकळ्या काढल्या आणि हलक्या हाताने तुऱ्यावरून फिरवलं. त्या हंगामात भाऊंच्या ब्रशापेक्षा काकीच्या हाताने जास्त बोंडं धरली. भाऊ मोठ्या मनाचे. त्यांनी ब्रश खिशात ठेवला आणि म्हणाले, “काकी, यापुढे हे काम तुमचं.”

पट्टीवर कुणाचं कुणाशी लावलं ते लिहायचं असतं, आणि ज्या झाडावर बोंड धरतं त्याचं नाव पहिलं. म्हणजे आईचं आधी, बापाचं मागून. भाऊंनी हे समजावलं तेव्हा काकीने दोनदा विचारून घेतलं. “सगळ्या जगात आसंच लिवतात?” भाऊ म्हणाले, सगळ्या जगात. “शाणी मानसं हायत,” काकी म्हणाली. मग ती माझ्या डोक्याशी उभी राहून मला लिहायला लावायची. तिला वाचता येत नसे, तरी माझं बोट धरून विचारायची, “हितं आऊस हाय ना? बापूस पुढं घुसला नाय ना?”

झाडांशी ती गोड बोलायची नाही. जे झाड फुलायला उशीर करी त्याला म्हणे, “तुजं काय मुहूर्ताला आडलंय काय?” मासळी धुतलेलं पाणी घरून डब्यात आणून ती आपल्या आवडत्या रोपांना घालायची आणि त्या वासाने गिऱ्हाइकं नाक मुरडायची. एका बाईने रुमाल लावला तर काकी म्हणाली, “वास धा मिन्टं. फूल धा वरसं. काय हवंय ता सांगा.” मला अशी उत्तरं घरी गेल्यावर, भांडी घासताना सुचत. तिला जागेवर सुचत.

काकीच्या हातच्या बोंडातून उगवलेलं एक रोप पहिल्यांदा फुललं तेव्हा मी तिथे होते. लाल नाही, केशरी नाही. खाणीतून नुकताच काढलेला जांभ्याचा ओला चिरा कसा दिसतो, तांबूस, मध्ये जांभळट, कडेला पिवळी झाक, तसाच रंग. भाऊंनी बघितलं आणि तोंड वाकडं केलं. “मळकट आलाय. काढून टाका.”

काकीने “व्हय” म्हटलं, रोप पिशवीसकट उचललं आणि पंपाच्या खोलीमागे नेऊन ठेवलं. मला म्हणाली, “मंदा, तू काय बगितलंस?”

“काही नाही.”

“शाणी.”

दोन हंगाम ते तिथे होतं. मग एकदा पंप बिघडला म्हणून भाऊ मागे गेले आणि पंप विसरून तिथेच उभे राहिले. हाताच्या पंजाएवढी फुलं, आणि आदल्या दिवशीची सुद्धा तशीच ताठ. जास्वंद संध्याकाळी मान टाकते, ही दुसऱ्या दिवशीही उभी. भाऊ म्हणाले, “हे कुठून आलं?” काकी म्हणाली, “तुमीच काढून टाकायला सांगितलात. मी जरा लांब टाकलं, येवडंच.”

भाऊ हसले. याला नाव द्यायला हवं म्हणाले, तुमचंच देऊ. काकी म्हणाली, “मेल्यावर द्या. जित्या मानसाचं नाव दिलात तर माज्यावर राग आसलेली लोकं झाडाला दगड मारतील.”

पुढच्या वर्षी ती गेली. ताप डोक्यात गेला. तिचा मुलगा विजय मुंबईला, तो निघाला होता पण पोचायचा होता. रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात मी तिच्याजवळ होते. डॉक्टर आले, कागदावरचं नाव बघून त्यांनी मोठ्याने हाक मारली, “सुलोचनाबाई! सुलोचनाबाई, डोळे उघडा!” काकी हलली नाही. नर्सने खांदा हलवून हाक मारली. नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि पेशंट हाकेला ओ देत नाही असं नर्सला लिहून घ्यायला सांगितलं.

डॉक्टरांशी मी काय बोलणार? माझ्या तोंडून घरात सुद्धा मोठा शब्द निघत नाही. पण ते वळले आणि मी त्यांच्या वाटेत उभी राहिले. म्हटलं, “ते तिचं नाव नाही. धोंडी म्हणून हाक मारा.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली वाकून म्हणाले, “धोंडी.”

“ओ,” काकी म्हणाली. डोळे उघडले नाहीत, पण ओ दिली. स्वच्छ. डॉक्टरांनी नर्सच्या हातातून कागद घेतला आणि लिहिलेलं खोडलं. त्यानंतर ती दुसरा दिवस उजाडेपर्यंत होती, विजय येईपर्यंत मात्र राहिली नाही.

वर्ष झालं. रत्नागिरीत फुलांचं प्रदर्शन होतं आणि भाऊ ती जास्वंद तिथे मांडणार होते. विजयला त्यांनी मुद्दाम बोलावलं. आम्हाला दोघांना पडवीत बसवून त्यांनी छापलेलं कार्ड पुढे केलं. सोनेरी कडा होती. ‘जास्वंद सुलोचना. कै. सुलोचनाबाईंच्या स्मरणार्थ.’ मजुरी करणाऱ्या बाईचं नाव फुलाला देणारा मालक मी दुसरा बघितलेला नाही. विजयचे डोळे भरले. मी कार्ड हातात घेऊन दोनदा वाचलं.

“भाऊ, हे चुकलंय.”

भाऊंना वाटलं छपाईची चूक. त्यांनी चष्मा लावला. “कुठे? ‘लो’ला काना-मात्रा आहे, ‘ना’ला काना आहे.”

“अक्षरं बरोबर आहेत. बाई चुकली.”

भाऊंनी चष्मा काढला. विजय म्हणाला, “वहिनी, शाळेत मला चिडवायचे, धोंडीचा पोर म्हणून. माझ्या दाखल्यावर आईचं नाव सुलोचना आहे. जन्मभर माती उपसली तिने, आता तिला एक चांगलं नाव तरी मिळू दे.”

“चांगलं नाव तिच्याजवळ होतं.”

“नंदा,” भाऊ समजुतीने म्हणाले, “सुलोचना म्हणजे सुंदर डोळ्यांची. फुलाला शोभतं. धोंडी म्हणजे दगड. कोण नेईल ते झाड घरी?”

मी भाऊंना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. पण मी बोलले. म्हटलं, “आईचं नाव आधी लिहायचं, सगळ्या जगात असंच आहे, असं तुम्हीच सांगितलंत. धोंडी हे तिच्या आईने ठेवलेलं आहे. दुसरं सासरच्यांनी, मागून. मी पट्टीवर सुलोचना लिहिणार नाही. तुम्हाला हवं तर लिहायला दुसरं माणूस बघा.”

मग विजयला दवाखान्यातलं सांगितलं. वर्षभर सांगितलं नव्हतं, कारण तो पोचला नव्हता याचं त्याला दुःख होतं आणि त्यात हे कशाला. त्याने विचारलं, “ओ दिली?”

“पहिल्या हाकेला.”

तो उठून घरापुढच्या खळ्यात जाऊन उभा राहिला. मग चपला घालून लांज्याची एस.टी. पकडायला निघून गेला. भाऊ म्हणाले, “कार्डं छापून झाली आहेत, नंदा,” आणि आत गेले.

प्रदर्शनाच्या सकाळी कुंड्या मांडायला मीच होते. मी कार्ड उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. त्यावर काळ्या पेनाने मोठ्या अक्षरात ‘धोंडी’ लिहिलं, खाली तिच्या झाडाच्या आईचं नाव आणि मग बापाचं. भाऊ आले, त्यांनी वाचलं. समोर माणसं उभी होती. ते कार्ड फिरवू शकत होते. फिरवलं नाही, पण चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी रोज वेळेवर कामाला गेले आणि पट्ट्या लिहिल्या. कलमं बांधून तयार होती तेवढ्या सगळ्या कुंड्यांना एकच नाव.

पाचव्या दिवशी रत्नागिरीहून एक बाई गाडी घेऊन आल्या. प्रदर्शनात बघितलेली ती जास्वंद हवी म्हणाल्या. मी कुंडी पुढे केली. त्यांनी पट्टी वाचली आणि हसल्या. “अय्या, धोंडी काय! इतकं सुंदर फूल. बरं असू दे, आम्ही घरी नेऊन छानसं नाव ठेवू हिला.”

“मग राहू दे,” मी म्हटलं आणि कुंडी त्यांच्या हातातून काढून घेतली.

“म्हणजे?”

“म्हणजे हिला नाव आहे. बदलायचं असेल तर देत नाही.”

बाई भाऊंच्या टेबलाकडे वळल्या. “अहो, ही तुमची कामवाली बघा काय बोलते आहे! झाडच ना ते?”

भाऊंनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे बघितलं, मग कुंडी छातीशी धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे. मी हलले नाही.

“नंदा,” भाऊ म्हणाले, “बाईंना दुसरी कुठली तरी जास्वंद दाखव.”