कागदावरचा अपघात

माझ्या नवऱ्याच्या डाव्या मांडीत आणि कमरेत लोखंडाचे सात तुकडे होते. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडच्या आघाडीवर तोफेचा गोळा जवळच फुटला, तेव्हा ते आत शिरले. मोठे तुकडे डॉक्टरांनी काढले, बारके राहू दिले. लग्न लढाईच्या आधीचं होतं. धडधाकट माणूस गेला आणि पाय ओढत आला.

आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मीही इथे घेणार नाही, 'हे' म्हणेन.

फौजेतून सुटल्यावर ह्यांनी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या बाजूचं घरचं वावर कसायला घेतलं. तिथे तेव्हा घरं कमी आणि भाजीचे वाफे जास्त. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. ह्यांना उकिडवं बसता येत नसे, म्हणून लाकडी पाटावर बसून निंदण करत आणि एक वाफा झाला की पाट पुढे सरकवत. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. पेन्शन येत होती, भाजी विकली जात होती, आमचं कोणाकडे काही मागणं नव्हतं. म्हणजे त्या सव्वीस जानेवारीपर्यंत नव्हतं.

आणीबाणीचे दिवस होते. कचेऱ्या वेळेवर उघडत, उघडून आत काय करत ते विचारायचं नाही. झेंडावंदनाच्या मैदानावर लढाईत जखमी झालेल्या जवानांचा सत्कार ठेवला होता. मी वर्गातल्या पोरांना घेऊन रांगेत उभी होते. हे इस्त्रीचा कोट घालून पुढच्या खुर्चीवर बसलेले. एका कारकुनानं माइकवर यादी वाचली. जाम गावच्या एका माजी फौजी ड्रायव्हरचं नाव आलं. तो ताठ चालत गेला, सलाम ठोकला, छातीवर पदकाची पट्टी होती. हा ह्यांच्याच तुकडीतला. ह्यांनी सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. मग यादी संपली.

हे उठून टेबलापाशी गेले आणि हळूच काही विचारलं. कारकुनानं माइक बाजूला न करताच उत्तर दिलं, "तुमची केस अपघाताची आहे. गाडी उलटली होती ना तुमची? लढाईतल्या जखमींची यादी वेगळी असते."

भोंग्यातून ते मैदानभर गेलं.

त्या दिवसापासून गावानं ह्यांना 'गाडीवरून पडलेला मिलिटरीवाला' करून टाकलं. ज्यांनी जन्मात बैलाच्या शेपटीपलीकडे कशावर हुकूम चालवला नव्हता, जे पोळ्याच्या दिवशी कोण पुढे आणि कोण मागे यावरून डोकी फोडत, ते लोक पानठेल्यावर उभं राहून माझ्या नवऱ्याच्या शौर्याचं माप काढू लागले. मी शाळेत जाताना ऐकत असे. उत्तर देण्याच्या लायकीचं त्यांच्यात कोणी नव्हतं, म्हणून दिलं नाही.

घरी आल्यावर मी विचारलं. ह्यांनी सांगितलं ते असं. गोळा फुटला, हे पडले. दारूगोळा वाहणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, तोच जामचा, खाली उतरला, ह्यांना उचलून पेट्यांवर टाकलं आणि गाडी दामटली. वरून गोळे पडतच होते. दवाखाना जवळ आला तेव्हा एका पुलापाशी गाडी कलंडली. ड्रायव्हरच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. दोघांना एकदमच आत नेलं. तिथे कोणीतरी कागद भरले, आणि ह्यांच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं, गाडी उलटून दुखापत.

"मंग तवाच काऊन नाई बोलले?" मी म्हटलं.

"शुद्धीत कुठं होतो."

"अन् सुटताना सही केली तवा?"

"साहेबानं बोट ठेवलं तिथं केली."

दुसऱ्याच दिवशी मी अर्ज लिहायला बसले. अक्षर माझं, सही ह्यांची. माजी सैनिकांची कामं बघणारी एक कचेरी होती, तिथे आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा माझे केस काळे होते. टेबलाच्या काचेखाली कारकुनानं देवांचे फोटो ठेवले होते. आमचा अर्ज काचेवर ठेवून त्यानं त्यावर चहाची बशी ठेवली. महिन्यांनी उत्तर येई, प्रकरण विचाराधीन आहे. वर्गात शब्दार्थ सांगताना हा शब्द आला, तर मी सांगितलं, विचार न करता बाजूला ठेवलेलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून समज दिली. त्यांचं समजणंही तेवढंच होतं.

हे मात्र त्या कचेरीत टोपी हातात घेऊन उभे राहत. कारकुनाला 'साहेब' म्हणत. एकदा घरची कोवळी वांगी पिशवीत घालून नेली, लाच म्हणून नाही, घरी पिकतात म्हणून. त्यानं पिशवी टेबलाखाली सरकवली आणि पुढच्या महिन्यात या म्हणाला. त्या दिवशी परतताना मी ह्यांच्याशी बोलले नाही. ज्या माणसानं गोळ्यापुढे मान वाकवली नाही, तो एका बशीवाल्यापुढे वाकतो, हे मला बघवत नव्हतं.

अशी काही वर्षं गेली. अर्ज वरच्या कचेरीत जात, तिथून खाली येत. त्या अवधीत सरकारं बदलली, कारकून बदलले, काच आणि बशी तीच राहिली. मग ह्यांची मांडी दुखायला लागली, म्हणून वर्ध्याच्या एका दवाखान्यात एक्स-रे फोटो काढला. डॉक्टर तरुण होता. फोटो उजेडात धरून त्यानं एक एक ठिपका बोटानं दाखवला आणि हसत म्हणाला, "काका, तुम्ही तर भंगाराचं दुकान घेऊन फिरता." मला त्याचा राग आला नाही. इतक्या वर्षांत त्या लोखंडाकडे नीट बघणारा तोच पहिला होता. त्यानं चिठ्ठीही लिहून दिली.

मी तो फोटो घेऊन कचेरीत गेले. आता विषय संपला असं मला वाटत होतं. नव्या कारकुनानं फोटो खिडकीकडे धरला, उलटा. मी सुलटा करून दिला.

"बाई, तुकडे लोखंडाचे आहेत हे दिसतंय," तो म्हणाला. "कोणाचे आहेत ते कसं दिसणार? गाडीही लोखंडाचीच असते."

"गाडी उलटली की तिचे वाटाण्याएवढे तुकडे होऊन मांडीत शिरतात का?"

"ते मी सांगू शकत नाही. कोणी पाहणारा असेल तर त्याचं लिहून आणा. तुमचा अधिकारी, नाहीतर सोबतचा."

अधिकारी त्याच लढाईत गेलेला. सुभेदार नंतर आजारानं वारलेले. राहिला एकच, जामचा ड्रायव्हर. मी घरी येऊन म्हटलं, सोपं आहे, त्याच्याकडून दोन ओळी आणा. हे पाटावर बसून सांबाराच्या जुड्या बांधत होते. हात थांबला.

"त्याच्याकडं नाई जाचं," ते म्हणाले.

"काऊन?"

हातातली जुडी खाली ठेवून त्यांनी सांगितलं. ड्रायव्हरला लोखंडाचा एक कणही लागला नव्हता. फक्त हाड मोडलं, तेही गाडी कलंडून. दवाखान्यात दोघांचे कागद बदलले. ह्यांची जखम त्याच्या नावावर चढली आणि त्याचा अपघात ह्यांच्या. मैदानावर त्याच्या छातीवर पट्टी बघितली, तेव्हाच ह्यांना कळलं होतं.

मी इतकी वर्षं अर्ज लिहीत होते, आणि ह्यांना ठाऊक होतं. मी फक्त एवढंच म्हणाले, "तुम्ही मले अडाणी समजले का?"

"अवं, त्यानं मले गाडीत घातलं. बाकीचे तं पळून राह्यले होते. ते पदक त्याचं नाई तं कोणाचं हाय?"

"अन् तुमचं?"

"माहं बी हाय. पन त्याचं काढून नाई."

मला हे पटलं नाही. चांगुलपणाचा एक प्रकार असतो, त्यात सगळं ओझं दुसऱ्यानं उचलायचं असतं. ते मी उचलत होते. पुढच्या रविवारी बहिणीकडे जाते असं सांगून मी एस.टी.नं जामला गेले.

हमरस्त्याच्या चौकात ट्रक थांबत, तिथे त्याचं चहा-नाश्त्याचं दुकान होतं. गल्ल्याच्या वर प्रशस्तिपत्र आणि पदक काचेच्या चौकटीत लावलेलं, खाली उदबत्ती. देवाची तसबीर बाजूला सारून हे मध्ये टांगलं होतं. त्यानं मला ओळखलं, बाकडं पुसलं, चहा सांगितला.

मी सरळ बोलले. "भाऊ, तुमचं काही काढून घ्यायचं नाही मला. एवढंच लिहून द्या की यांना आधीच गोळ्याचे तुकडे लागले होते, मग तुम्ही गाडीत घातलं."

त्याचा चेहरा उतरला. "वैनी, तेवढं लिवलं की मले इचारतीन, मंग तुले काय लागलं?"

"नका सांगू. विचारतील तेव्हा बघा."

"मी कोणाचं चोरलं नाई. डाक्टरनं लिवलं, साहेबानं देल्लं. आता इथं पोलिसवाला बी मले नमस्कार करते. हे गेलं तं मी कोन? चायवाला."

"चहावाला होणं चांगलं," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या रक्तावर उदबत्ती लावण्यापेक्षा."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. त्याची मान खाली गेली आणि मला बरं वाटलं. चहाला हात न लावता मी उठले.

गोष्ट लपली नाही. जामहून वर्ध्याला येणाऱ्या एका भाजीवाल्यानं ह्यांना सांगितलं. ते माझ्यावर ओरडले नाहीत. कोट घातला आणि सकाळच्या गाडीनं जामला गेले. त्याची माफी मागायला. माझ्या वतीनं.

संध्याकाळी परत आले तेव्हा मी चुलीपाशी होते. मी तोंड फिरवलं नाही. मागून ते म्हणाले, "त्याले म्हटलं, तिचं मनावर नको घेऊ. तू लिवू बी नको. तुह्यामुळं मी जिता हाय, तेवढं मले पुरते."

"मग तो काय म्हणाला?"

"रडला."

मी भाकरी उलटली. रडणं फुकट असतं, असं मनात आलं. दोघांचीही मला कीव आली आणि कीव मला कधी शोभली नाही.

पंधरा दिवसांनी तो ड्रायव्हर आमच्या दारात उभा होता. हातात स्टँपपेपर. समुद्रपूरला जाऊन, वकिलाकडून हिंदीत लिहून घेऊन, शपथेवर सही केली होती. त्यात सगळं होतं. ह्यांना गोळ्याचे तुकडे लागले. गाडी नंतर कलंडली. आपल्याला फक्त हाड मोडल्याचा मार लागला, कागद दवाखान्यात बदलले. एवढं लिहायला मी सांगितलं नव्हतं. मी वाचून कागद खाली ठेवला आणि त्याला पाणी दिलं. तो ते घटाघटा प्यायला. माझ्याकडे बघितलं नाही.

मी माणसांना शब्दानं मारते, हे माझ्या शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं. त्यांच्यावर ते चालतही असे. इथे मात्र माझ्या तोंडानं जे झालं नाही, ते ह्यांच्या हात जोडण्यानं झालं. हे मी त्या दोघांपुढे कबूल केलं नाही. आज लिहिते आहे.

कचेरीला त्यानंतरही दोन वर्षं लागली. मी अधूनमधून जाऊन उभी राहत असे. एकदा मीच भीत भीत विचारलं, त्या ड्रायव्हरचं आता काय होईल. कारकून पान चघळत म्हणाला, "काही नाही. दिलेलं परत घ्यायचं तर वर लिहावं लागतं. वरून प्रश्न येतात, ते आमच्याच डोक्यावर बसतात. राहू द्या त्यांच्याकडे." म्हणजे एका माणसानं दोन वर्षं धाकधुकीत काढली, आणि त्याचा खरेपणा वाचायचेही कष्ट कोणी घेतले नव्हते. त्याच्यावर कोणी दया केली असं नाही. फाइल वाढवायचा कंटाळा होता.

एका दुपारी पोस्टमन रजिस्टर पाकीट घेऊन आला. आत पुठ्ठ्याची डबी, डबीत पदक, आणि एक कागद. दुखापतीची नोंद यापुढे 'लढाईतील जखम' अशी वाचावी. चूक झाली असं कुठे लिहिलं नव्हतं. उशीर झाला असंही नव्हतं. वाचावी म्हणे. मी तर पहिल्या दिवसापासून तशीच वाचत होते.

हे वावरातून आले, हात धुतले, धोतराला पुसले आणि डबी उघडली. खूप वेळ बघत राहिले. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. अर्धं आयुष्य गेल्यावर पाठवलेली ती डबी मी टपालपेटीत परत टाकून आले असते. पण डबी माझी नव्हती. ते म्हणाले, "पाह्य, नाव बरोबर लिवलं हाय," आणि मला दाखवलं. मी बघितलं. नाव खरंच बरोबर होतं.

गाव दोन दिवसांत फिरलं. पानठेल्यावरचे तेच लोक म्हणू लागले, आम्ही तं पयलेपासून सांगून राह्यलो होतो. एकानं मला रस्त्यात थांबवून अभिनंदन केलं. मी त्याला विचारलं, तुमचा पोरगा अजून बाराखडी चुकतो, घरी घेता का करून? तो निघून गेला.

ह्यांनी पहिल्याच रविवारी ती डबी खिशात घातली आणि जामला निघाले, ड्रायव्हरला दाखवायला. मला म्हणाले, "तू बी चाल." मी कपडे धुवायचे आहेत असं सांगितलं. कपडे सकाळीच धुऊन झाले होते, दोरीवर वाळत होते, आणि ते त्यांना दिसत होते. ते पाय ओढत एस.टी.च्या रस्त्याकडे गेले, आणि मी वाफ्यांना पाणी सोडायला वावरात गेले.