मगदूमअण्णा आणि बुधवारची खोली

मगदूमअण्णा गेल्याचं मला कारखान्याच्या गेटवर कळलं. वॉचमन म्हणाला, "म्याडम, मोल्डिंगमधलं मगदूमअण्णा गेलं. पहाटं, दवाखान्यात." मी हजेरीच्या यंत्रावर अंगठा लावला. त्या क्षणी मनात आलेला पहिला विचार अण्णांचा नव्हता. यात कुणी माझं नाव घेईल का, हा होता... दीड महिना झाला, त्या विचाराची लाज जात नाही. म्हणून हे लिहिते आहे.

कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत मी कामगार कल्याण अधिकारी आहे. भूपाल मगदूम हातकणंगल्याकडचे. साचे बनवण्यात उभा जन्म गेलेला. साच्याच्या वाळूवर नुसता तळवा ठेवून ओल कमी की जास्त ते सांगायचे. दारू सोडू पाहणाऱ्या कामगारांसाठी आम्ही मदत सुरू केली, तेव्हा दर बुधवारी कारखान्यातल्या एका खोलीत समुपदेशक यायचे. उपचारांसाठी भरपगारी रजा, नोकरीला धक्का नाही आणि नाव गुप्त. तरी पहिले दोन महिने त्या खोलीत समुपदेशक आणि मी, दोघंच बसून असायचो. मग एका दुपारी अण्णा दारात येऊन उभे राहिले. "आमच्या जैनाच्या घरात अंडंबी येत न्हाई म्याडम, आन् मी रोज पितोय. बायकोला म्हाईत हाय, भावकीला न्हाई. माझं नाव कुटं लिवू नगा."

"नाही लिहिणार," मी म्हणाले.

महिनाभर उपचार केंद्रात राहून ते परतले. हातांची थरथर थांबली होती. पुढच्या वर्षभरात त्यांनी चौघांना त्या खोलीत आणलं. उपदेश कसला नाही. पाळी सुटल्यावर "चल, च्या घिऊ" म्हणायचे आणि खोलीकडं चालू लागायचे.

त्या वर्षी वार्षिक समारंभाला मुख्य कार्यालयातले वरिष्ठ येणार होते. त्यांना योजनेचं यश दाखवायचं होतं. मी अण्णांना विचारलं... खरं तर विचारलं नाही, सांगितलं. व्यासपीठावर येऊन बोलायचं, दोन मिनिटांचं काम आहे, असं मी म्हणाले. "तुमी म्हणताय तर..." एवढंच अण्णा बोलले आणि मी तो होकार धरला. पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून आले. टाळ्या झाल्या, त्यांना शाल मिळाली, मला शाबासकी. आठवड्याभरात खोलीच्या दाराबाहेर त्यांचा फोटो लागला, खाली ठळक अक्षरांत 'मी दारू सोडली'. कुणीतरी तो मोबाइलवरून गावाकडं पाठवला. "भावकीत पोचला म्याडम," अण्णा म्हणाले. मी म्हणाले, "चांगलंच आहे की. अभिमानाची गोष्ट आहे."

त्यानंतर ते बुधवारी येईनासे झाले. आता गरज उरली नसेल, असं मी धरून चालले. खाली मोल्डिंगमध्ये जाऊन विचारायला पाच मिनिटं लागली असती. पण तेव्हा हीच योजना दुसऱ्या कारखान्यात न्यायची माझी धावपळ चालली होती. पुढं त्यांच्या रजा वाढत गेल्या, कावीळ झाल्याचं कानावर आलं, आणि मी भेटायला जायचं ठरवते आहे तोवर सगळं संपलं होतं.

आठवड्यानं त्यांच्या घरी गेले. अण्णांच्या पत्नीनं, वहिनींनी, पाणी आणून दिलं. "पुतण्याच्या लग्नात एक डाव घेतली त्यांनी," त्या म्हणाल्या. "एकच डाव. मी म्हटलं, जावा, म्याडमना सांगा. दोन बुधवार दारापतोर गेलं, न् परत आलं. म्हणलं, भाईर माझा फोटो लावलाय, त्याच्या फुडनं आत जाऊन काय सांगू? त्यानंतर परत रोजचीच झाली त्यांची."

वहिनींनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

फोटो मी दुसऱ्याच दिवशी माझ्या हातानं काढला. भिंतीवर चार खिळ्यांची भोकं राहिली आहेत.

गेल्या बुधवारी क्रेन चालवणारे एक पन्नाशीचे गृहस्थ आले. खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मगदूमअण्णांचं काय झालं, ते आदी खरं सांगा."

मी सांगितलं. समारंभ, फोटो, ते दोन बुधवार, माझं न विचारणं... काही गाळलं नाही. ऐकून ते उठले. मला वाटलं, निघाले. त्यांनी दार आतून लावून घेतलं आणि परत येऊन खुर्चीत बसले.