पुन्हा सेकंड ग्रुप!

सीए पास झालेल्यांकडे सर्टिफिकेट असतं, नापास होणाऱ्यांकडे किस्से! माझ्याकडे इतके साठलेत, की पाहुण्यांसमोर मी तोंड उघडलं की अम्मा डोळ्यांनीच गप्प करते.

आम्ही कित्येक पिढ्या कुंभकोणमचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मी आणि कार्तिक, दोघांनी एकाच ऑडिटरकडे आर्टिकलशिप केली. फायनलला एकत्र बसलो आणि एकत्रच आपटलो.

* * *

पुण्याच्या एका सरांचा ऑनलाइन क्लास लावला. म्हटलं, निदान शिकवणं तरी आपल्या भाषेत! पहिल्याच दिवशी माइक सुरू केला.

"सर, हे डिफर्ड टॅक्स उदंड कठीण आहे. मज पुन्हा सांगा की!"

लगेच चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, "महाराज, प्रणाम!" पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागली. सरही हसले. "आपण कोणत्या शतकातून बोलताय?"

आमच्या घरात सगळे असंच बोलतात. माइक बंद केला तो बॅच संपेपर्यंत. पेपरात नेमकं डिफर्ड टॅक्सच आलं!

* * *

सेंटर तंजावरला होतं. पेपर देऊन परतताना बसमध्ये मी भलताच खुशीत.

"कार्तिक, शेवटच्या प्रश्नातले दोन्ही भाग लिहिले! त्यापायी आधीचा एक प्रश्न राहिला, पण असू दे."

"दोन्ही?"

"दोन्ही!"

"मध्ये 'किंवा' होतं, डा..."

तो उठला आणि मला खिडकीची जागा दिली. पापनाशम येईपर्यंत मी भाताची शेतं बघत होतो. एकही दिसलं नाही.

* * *

प्रत्येक परीक्षेआधी अप्पा मला देवळात अर्चनेला नेतात. पहिल्या वेळी त्यांनी पुजाऱ्यांना, म्हणजे गुरुक्कलांना, सगळं नीट समजावलं: सीए म्हणजे काय, त्यात दोन ग्रुप कसे. गुरुक्कलांची स्मरणशक्ती जबरदस्त! पुढच्या खेपेला, भर गर्दीत, खड्या आवाजात—

"काश्यप गोत्र, रेवती नक्षत्र... पुन्हा सेकंड ग्रुपच का?"

सगळी रांग वळली. आमच्याकडे अकरावी-बारावीच्या शाखांनाही ग्रुपच म्हणतात. मागची एक आजी हळहळली, "अय्यो, एवढा घोडा झाला, अजून बारावीतच?"

मी अप्पांकडे पाहिलं. ते समजावून सांगतील, असं वाटलं.

अप्पा म्हणाले, "होय."

* * *

इन्नंबूरच्या मामाला धीर कुठला! निकालाआधीच त्याने फ्लेक्स छापून घेतला. माझा फोटो, त्यावर कॉम्प्युटरने चिकटवलेला टाय आणि खाली भलीमोठी अक्षरं: 'आमचा सीए'. निकाल लागला, मी पडलो. फ्लेक्स गुंडाळला गेला, मी निश्वास टाकला.

कापणीनंतर मामाकडे गेलो. खळ्यात भाताची रास, पावसापासून झाकलेली. झाकलेली कशाने? माझ्याच फोटोने! टायवर एक बकरी उभी होती.

मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काही म्हण, थेंबभर पाणी आत गेलं नाही!"

* * *

त्यानंतरचा निकाल. मी पुन्हा पडलो. कार्तिकचा फोन बंद. याने जिवाचं काही बरंवाईट केलं तर? लगेच ट्रेन पकडली आणि तिरुविडैमरुदूरला त्याच्या घरी गेलो.

दारात त्याची आई; आमच्याकडे मित्राच्या आईलाही मामीच म्हणतात. "कार्तिक घरी नाही, कण्णा. बाहेर गेलाय."

त्याच्या चपला दारातच होत्या. बाइकही.

मामींनी मला ओट्यावर बसवलं, आत गेल्या आणि सणासुदीची खीर, वाटीभर पायसम, घेऊन आल्या. गरम, तूप वर आलेलं. वाटी माझ्या हातात देताना त्यांचे डोळे भरलेले.

"आज काय विशेष, मामी?"

त्या गडबडल्या. "आज... शुक्रवार ना!"

"मामी, आज बुधवार."

त्या पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. मी एक चमचा खाल्ला, मग दुसरा.

"फार छान झालंय. अजून वाढा."

त्या वळल्या, तेवढ्यात आतल्या बंद दारामागून घोगरा आवाज आला,

"अम्मा, त्याला काजू जास्त घाल!"