चार बोटं बाहेर

पंच म्हणून इतकी वर्षं खुर्चीत बसलो, पण बाहेर पडलेल्या चेंडूला जाणूनबुजून आत मी एकदाच म्हटलं. आणि तेही अशा माणसासाठी, ज्याला ते नको होतं.

तसा मी मूळचा खेळाडू. व्यावसायिक टेनिसपटू, असं बायको अजून माहेरी सांगते. व्यावसायिक म्हणजे काय, तर पहिल्या फेरीत हरायचं आणि पुढच्या गावची गाडी पकडायची. गुडघा गेला तेव्हा हळहळले ते फक्त माझे प्रतिस्पर्धी. त्यांची एक सोपी फेरी गेली. मग मी पंचांची परीक्षा दिली. ज्यांनी मला धुतलं होतं, त्यांना उंचावरून "टाइम!" म्हणून दटावण्यात एक दुष्ट मजा होती. आता मोठ्या स्पर्धांत रेषा यंत्रं बघतात, बोलावणी कमी झाली, म्हणून मी बराचसा यवतमाळलाच असतो.

दुहेरीतला माझा पहिला जोडीदार दारव्ह्याचा. आम्ही इथल्या क्लबच्या मुरमाच्या कोर्टावर एकत्र शिकलो. तो माझ्याहून कितीतरी सरस. पण त्याच्या अब्बांना अर्धांगवायू झाला, तो गॅरेजवर बसला, आणि मी गावोगाव हरायला निघालो.

त्याचा जबडा तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने खाल्ला. नागपूरला अर्धा काढला, तरी दुखणं परत आलं. डॉक्टरांनी आता काही करण्यासारखं नाही म्हटल्यावर तो जीपने यवतमाळला येऊन क्लबात खेळायला लागला.

"अबे, सारे मले जिंकवून राह्यले," एकदा तोंडाला रुमाल लावून तो म्हणाला. त्याचे शब्द ओघळायचे, जुळवून घ्यावे लागायचे. "लेकराले खेळवते तसे. मले एक सेट खरा पाह्यजे. हरलो त हरलो. तू वर बस."

"मी बसलो त रेषेवर पाय पडला तरी फूट फॉल्ट देईन."

"म्हणून त तुले सांगून राह्यलो."

समोर एक निवृत्त तहसीलदार उभे राहिले. त्यांनाही त्याने बजावलं होतं, दया नको. क्लबात पंचाची खुर्ची नव्हती. टेबलावर प्लास्टिकची खुर्ची सुतळीने बांधून मला वर चढवलं. देशभर फिरलेला पंच पानठेल्यावरच्या गणपतीसारखा दिसत होता.

आणि तो खेळला. दोन फटक्यांमध्ये वाकून श्वास घ्यायचा, रुमालाने लाळ पुसायचा, पण फोरहँड तसाच, मनगटातून उशिरा सुटणारा. मी ओरडून गुण सांगत होतो. तहसीलदारसाहेबांनी खरंच काही सोडलं नाही. चार-पाचवर सर्व्हिस त्याची, ॲडव्हान्टेज साहेबांचा. हा गुण गेला की सेट गेला.

त्याने फोरहँड मारला. साहेब पोचले नाहीत. चेंडू मागच्या रेषेबाहेर पडला, चांगला चार बोटं. मला स्वच्छ दिसला.

"ड्यूस," मी म्हणालो. म्हणजे चेंडू आत, पुन्हा बरोबरी.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुकाट्याने खाली मान घातली. आम्ही दोघं मिळून चोर झालो.

तो जाळ्याला वळसा घालून, थांबत थांबत पलीकडे गेला. मुरमावर चेंडूचा ठसा होता. रॅकेटच्या टोकाने त्याने त्याभोवती गोल काढला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी सुतळी सोडवायला लागलो. मग सेट गेला असं धरून त्याने साहेबांशी हात मिळवला. सामना संपल्यावर पंचाशीही हात मिळवायचा असतो. तो माझ्या टेबलाजवळून सरळ गेला.

पुढच्या आठवड्यात मी दारव्ह्याला गेलो. तो पलंगावर होता, नाकात नळी. भाभींनी माझ्यासाठी चहा आणला. त्याच्यासमोर तो पिववेना.

"ऊन डोळ्यावर होतं रे," मी म्हणालो. "तू बरा हो. अजून एक सेट लावू. या वेळी एकदम कडक देतो."

त्याला उठून बसायचं होतं. भाभींनी पाठीशी उशी दिली. दुसरा सेट होणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. त्याने बराच वेळ श्वास जमवला, आणि एकेक शब्द नीट कळेल असा सोडला.

"खेळता त तुले कधी आलंच नाही. मले वाटलं, निदान वर बसता तरी येते."