मूळचे कुठले?

माझा चुलतभाऊ शिकायला अमेरिकेला गेला आणि तिकडंच राहिला. तिकडं तो स्वतःला मुंबईचा म्हणवतो. आमच्या बेंबळीहून मुंबई गाठायला रात्रभर प्रवास करावा लागतो, पण तेवढ्या अंतराचं त्याला काय! काही वर्षांपूर्वी तो तिकडंच जन्मलेल्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला घेऊन गावी आला. तिनं आल्या आल्या मला विचारलं, "काका, समुद्र कुठं आहे?" मी तिला गावाबाहेरचा कोरडा ओढा दाखवला.

पोरगी चिवट. तिच्या कॉलेजात कुणी पाव आयरिश असतो, कुणी अर्धा इटालियन. तो देश जन्मात पाहिला नसला तरी चालतं. हिला मात्र जो तो विचारतो, "तू खरी कुठली?" 'इथलीच' म्हटलं की पुन्हा तेच. म्हणून तिला आपलं खरं गाव बघायचं होतं.

"बघ की," मी छाती फुगवून म्हणालो. "आपण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच."

चहाच्या हॉटेलात बसलेल्या एका म्हाताऱ्यानं ते ऐकलं. "इथलं कशाचं? तुमी भूमवाले. तुमचा पणजा भूमहून आलाय."

चार पिढ्या आम्ही इथली माती कसतोय, इथंच जळतोय, आणि अजून भूमवाले! पोरगी मात्र खूश. "काका, म्हणजे तुम्हीपण इमिग्रंट!"

दुसऱ्या दिवशी तिनं मला भूमला न्यायला लावलं. भाऊ आला नाही. मुंबईकरांना एसटी सोसत नाही.

भूमला आठवडी बाजार होता. मी चार-दोन म्हाताऱ्यांना आमचं आडनाव सांगितलं, पणजोबांची खूण सांगितली. कुणाला काही ठाऊक नव्हतं. एका मिरचीवाल्या मावशीनं आमची शोधाशोध बघून विचारलं, "कुठलं म्हणायचं तुमी?"

"बेंबळीचे," मी म्हणालो. भूममध्ये उभं राहून भूमचे म्हणायचा धीर झाला नाही.

"आन् ही?"

"मी अमेरिकेची," पोरगी म्हणाली.

"ते असू दे गं बाई. मूळची कुठली?"

पोरीचा चेहरा उतरला. एवढ्या लांब येऊन पुन्हा तोच प्रश्न. मला वाटलं, आता रडते. पण ती हसायलाच लागली, थांबेचना. मग डोळे पुसत म्हणाली, "आमचं अजून ठरायचंय, मावशी."

"लई शिकल्यावर असंच व्हतं," म्हणत मावशीनं तिच्या हातात मूठभर मिरच्या फुकट ठेवल्या. परतीच्या बसमध्ये तिनं त्यातली एक चावली आणि धाराशिवपर्यंत बोलली नाही. भावाच्या कार्टीला आमच्या भागानं दिलेली एवढीच ओळख पक्की.

परवा तिचा फोन आला. लग्न ठरलंय. मुलगा अर्धा इटालियन आहे, पण आजोबांच्या गावाचं नावही त्याला सांगता येत नाही, म्हणून हिनं त्याला ते शोधायला बसवलंय. बिचारा! सापडल्यावर तिथला एखादा म्हातारा त्याला काय सांगेल, हे मी अजून त्याला कळवलेलं नाही.