कौसाबाईचं तेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच.

काही वर्षांपूर्वी माझ्या रक्तात ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेले निघाले. रक्तातली चरबी — अशीच राहिली तर हृदयाला धोका, असं जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. मग विचारलं, दारू घेता का? बायको शेजारीच बसली होती. मी ठणकावून नाही म्हणालो. आमच्या घरात दारूचं नावही निघत नाही — आणि मी ऑफिसचं काम सांगून कितीतरी संध्याकाळी ढाब्यावर बसत होतो.

मग चरबी आली कुठून? बायकोनं सगळ्या स्वयंपाकघरावर संशय घेतला. साखर, भात, बटाटे — शेवटी तेलाचा डबा. मंठ्यात आमच्याच गल्लीत कौसाबाईचा घाणा होता. नवऱ्यामागे ती एकटीनं चालवायची. करडईचं तेल आम्ही तिच्याकडूनच आणायचो. "भेसळ तर करत नसेल ना हो?" बायकोनं विचारलं. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं! असेलही, म्हणालो. हल्ली भरवसा तरी कुणाचा धरायचा?

बायको मला घेऊन घाण्यावर गेली आणि गिऱ्हाइकांसमोर तिला वाट्टेल ते बोलली. कौसाबाई माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमी तरी सांगा. माह्या तेलात कायबी न्हाई."

"मंग रिपोर्ट खोटं बोलून राह्यलाय का?" — हे मी म्हणालो. बायको नाही, मी.

पुढे एकदा छातीत कळ आली. घाबरलो, आणि दारू सोडली — घेत होतो तशीच, गुपचूप. नंतरचा रिपोर्ट चांगला आला. मी सुटलो म्हणता? बायकोनं तो गल्लीभर दाखवला. तेल बदललं आणि चरबी उतरली! आता कोण कौसाबाईचं ऐकणार होतं? लोक दुसरीकडून तेल आणू लागले. घाणा बंद पडला. मी रोज त्या दारावरून जायचो आणि मान खाली घालायचो.

परवा ती घरी आली. आता मजुरीला जाते. मी तिचा चेहरा न्याहाळत होतो — हिला कळलंय का? टोमणा मारायला तर आली नाही? "भाऊ, तुमी बरे झालात, लई चांगलं झालं," ती म्हणाली. "करडई खराब आल्ती असंल, मलाच कळलं न्हाई. माफ करा."

टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं.

बायको चहा घेऊन आली. मी म्हणालो, जाऊ द्या, झालं गेलं. म्हणजे — मी तिला माफ केलं.