एका खात्यावर दोघे

निवृत्तीनंतर मी गाणे ऐकू लागलो. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितले की समोरचा उत्साहाने ‘वा! काय ऐकता?’ असे विचारतो आणि माझी परीक्षा सुरू होते. आयुष्यभर परीक्षा घेतलेल्या माणसाला ती देणे जड जाते.

मी पदार्थविज्ञान शिकवत असे. ध्वनी या प्रकरणाची टिपणे मला पुढे लागेनाशी झाली होती. फळ्यावर लाटा काढायच्या, तरंगलांबी दाखवायची, कंप्रतेचे सूत्र लिहायचे आणि हातावरची खडूची पूड झटकायची. त्या लाटांना आवाज असतो, हे मला तत्त्वतः मान्य होते. पण बसून असे गाणे ऐकले नव्हते. आमच्या वस्तीत गाणे कुणा एकाचे नसे. जयंतीच्या मंडपात गायन पार्टी उभी राहिली की गाणे सगळ्यांचे होई, आणि ते गर्दीत, उभ्याने, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून ऐकायचे असे. एकट्याने खुर्चीत बसून, डोळे मिटून, स्वतःपुरते गाणे लावणे म्हणजे पंगतीतले ताट उचलून आतल्या खोलीत नेण्यासारखे मला वाटे. अजूनही थोडे वाटते.

माझी लेक पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करत होती. सुटीत धारूरला घरी आली तेव्हा तिने माझ्या फोनमध्ये गाण्यांचे एक ॲप टाकले आणि स्वतःच्या खात्याचा पासवर्ड भरून दिला. “आता जगातलं सगळं गाणं तुमच्या खिशात हाय, पप्पा,” ती म्हणाली. जगातले सगळे गाणे ही कल्पना मला झेपणारी नव्हती. सुदैवाने रागांना ठरलेल्या वेळा असतात हे लवकरच वाचनात आले आणि मला हायसे वाटले. वेळापत्रक मला कळते. सकाळी तोडी, दुपारी भीमपलासी, संध्याकाळी मारवा, असे तीन तास मी स्वतःला लावून घेतले.

तोडी मी एकाच गायकाची ऐकत असे. ते आता हयात नाहीत. फोन टेबलावर पालथा ठेवायचा, शेजारी छोटा स्पीकर, आणि मी खुर्चीत. गायक फार सावकाश वर चढत आणि वरच्या षड्जाच्या जवळ आले की एकाएकी थांबत. पुढे काहीच नाही. शांतता. रोज अगदी त्याच जागी नाही, थोडे अलीकडे-पलीकडे, पण थांबत मात्र नक्की. शिखराच्या एक पायरी खाली थांबण्याचे हे धैर्य मला फार मोठे वाटले. लेकीचा फोन आला तेव्हा मी धीर करून तिला माझे पहिलेवहिले संगीतविषयक मत सांगितले, की या गायकाचा संयम विलक्षण आहे.

तिने मला ते दोनदा सांगायला लावले. मग पलीकडून बराच वेळ नुसते हसू आले.

“पप्पा, तो संयम न्हाई. त्या टायमाला माझी कंपनीची बस येती.”

झाले होते ते असे. खाते एकच होते, आणि एका खात्यावर एका वेळी एकाच फोनवर गाणे वाजते. ती पुण्यात बसमध्ये बसून कानात गाणे लावी, आणि त्या क्षणी धारूरला माझे गायक गप्प होत. तशी सूचना फोनवर येतही असे. पण फोन पालथा होता आणि डोळे मिटलेले होते.

“तुमी एक करा,” ती म्हणाली. “एकतर वेगळी वर्गणी भरा, न्हाईतर गाणी विकतच घ्या. स्टुडिओत रेकॉर्ड झाली तशीच्या तशी फाईल मिळती, हाय-रेझोल्यूशन. ती तुमचीच. मधी कुणी येत न्हाई.”

त्यानंतर मी बरेच महिने विचार केला. माझ्या स्वभावाला हे फार नव्हे. वर्गणीच्या बाजूने असे की तेथे सगळे आहे. विरुद्ध असे की त्यातले काहीच आपले नाही, वर्गणी थांबली की गाणेही थांबते. विकत घेण्याच्या बाजूने असे की थोडे असले तरी राहते. विरुद्ध असे की त्या फायलींत जे जास्तीचे असते ते ऐकू येण्याचे माझ्या कानांचे वय उलटले होते. उच्च कंप्रता उतारवयात ऐकू येत नाहीत, हे मीच मुलांना सांगत आलो होतो. म्हणजे मी जे विकत घेणार होतो, त्यातले बरेचसे माझ्यापर्यंत पोचणारच नव्हते. तरीही ते फाईलमध्ये असावे, असे वाटे.

बायकोने हा विचारविनिमय पुष्कळ दिवस पाहिला.

“आवो, लेकीच्या सोयरिकीला तुमी इतका इचार केला न्हाई.”

“लेकीची सोयरीक अजून झालेली नाही.”

“त्येच म्हणते मी.”

शेवटी मी एक तोडी विकत घेतली. तेच गायक, तीच मैफल, फक्त फाईल मोठी. आमच्या गल्लीत नेटवर्क डोंगराच्या मर्जीने येते. गाणे वाहत येईल इतके ते असते, पण जड फाईल उतरवायला घेतली की वाटेत सोडून देते. म्हणून पेन्शनच्या कामाला बीडला निघालो तेव्हा मी मांजरसुंब्याला उतरलो आणि एका धाब्यावर लॅपटॉप उघडून बसलो. फाईल हळूहळू उतरत होती. धाब्याचे मालक दोन-तीन वेळा जवळून गेले आणि अखेरीस थांबले.

“कुणाची वाट बघायलेत का, सर?”

“नाही. फाईल उतरते आहे.”

“कोर्टाची हाय का?”

“गाण्याची.”

त्यांनी वाकून पडद्याकडे पाहिले. तेथे एक निळी रेघ होती. “गाणं तर मोबाईलवर फुकट लागतंय की.”

“हे विकत घेतलं आहे.”

“किती गाणी?”

“एक.”

“लई लांबलचक असंल मग,” ते म्हणाले आणि न मागता चहा पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती तोडी पूर्ण ऐकली. गायक षड्जापर्यंत पोचले, तेथे बराच वेळ राहिले आणि मग खालीही आले. ऐकणे उत्तम झाले. पण ते संपल्यावर मी खुर्चीतच बसून राहिलो, आणि का बसलो आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. लेक कामावर गेली की नाही, हे मला त्या दिवशी समजले नव्हते.

येथे आमच्या बोलण्याची रीत सांगायला हवी. लेकीचा फोन मी उचलला तर ‘बरी आहेस ना’ असे म्हणतो, ती ‘हो’ म्हणते, मी ‘आईला देतो’ म्हणतो. मायलेकी मग हवे तितके बोलतात. यात प्रेमाची उणीव नाही. मला पुढचे वाक्य सुचत नाही, इतकेच. तोडी तुटली की मात्र मला कळे, की ती उठली, आवरले, बस मिळाली. मारवा तुटला की ती परतीच्या वाटेवर आहे. एखाद्या दिवशी मारवा शेवटपर्यंत वाजला, तर काम लांबले. भीमपलासी कधीच तुटत नसे, कारण दुपारी ती ऑफिसात असे आणि तेथे गाणे लावायला तिला वेळ नसे. न विचारता रोज मिळणारी ही खुशाली होती. विकत घेतलेली तोडी लॅपटॉपात राहिली आणि सकाळी मी पुन्हा फोनवर तीच तोडी लावू लागलो. बायकोने कारण विचारले तेव्हा मी आवाजाच्या पोताविषयी काहीतरी सांगितले.

मग एक आठवडा असा आला की सकाळची तोडी रोज पूर्ण झाली. प्रथम वाटले, रजा असेल. त्याच्या पुढच्या आठवड्यातही ती पूर्ण होत राहिली, आणि भीमपलासी तुटू लागला. भर दुपारी, कधी आलापात, कधी द्रुत सुरू होताना. मारवा कुणी तोडेना. माझे वेळापत्रक जागेवर होते; तिचे बिघडले होते.

“ती बरी आहे ना?” मी बायकोला विचारले.

“रोज बोलते की मी तिच्याशी. मजेत हाय म्हणती. कावून?”

“सहज.”

“तुमी अन् सहज?” ती म्हणाली आणि धान्य निवडू लागली. जी रोज बोलत होती तिला मजा सांगितली जात होती, आणि सांगायचे जे राहून जात होते ते माझ्या टेबलावर पोचत होते. विचारावे तर तिचे लपवणे उघडे पडेल. न विचारावे तर ती तेथे एकटी बसलेली. फोन हातात घेऊन मी वाक्ये जुळवून पाहिली. सगळी चौकशी समितीसारखी वाटत होती.

त्या दुपारी बायको आत आडवी झाली होती. मी भीमपलासी लावला आणि आलापातच तो बंद पडला. एरवी मी अशा वेळी फोन बाजूला ठेवून देई. त्या दिवशी मी गाणे पुन्हा सुरू केले. म्हणजे पुण्यात तिचे बंद पडले असणार. थोड्या वेळाने माझे पुन्हा थांबले. मी पुन्हा सुरू केले. ते पुन्हा थांबले. कधी कुणाशी वाद न घालता मी निवृत्त झालो आहे. पण त्या दुपारी मी हटलो नाही. अखेरीस फोन वाजला.

“पप्पा, काय चाललंय? मी लावलं की तुमी काढताय. मुद्दाम करताय का?”

“हो.”

ती म्हणाली, “कावून?”

“दुपारी तू ऑफिसात असतेस,” मी म्हणालो. “ऑफिसात तू गाणं लावत नाहीस.”

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. ती तिच्याच घरातली असावी.

“कधी कळलं तुमाला?”

“तोडी पूर्ण व्हायला लागली तेव्हा शंका आली.”

“तोडी पूर्ण व्हायला लागली,” ती हळूच म्हणाली. ती हसते आहे असे मला वाटले. मग ते तसे नाही असे वाटले. ती म्हणाली, “काढलं पप्पा मला. आमची आख्खी टीमच काढली. सकाळी मीटिंगला बोलावलं अन् दुपारी कार्ड परत घेतलं.”

“बरं.”

“बरं काय, पप्पा?”

“बरं म्हणजे, कळलं.”

“आईला सांगू नका. ती रडंल, मग मावशीला फोन करील, मग मावशी मला करील. दुसरं जमलं की मीच सांगते. अन् रोज रोज विचारू नका, काय झालं, काय झालं म्हणून.”

“नाही विचारणार. मला विचारता येत नाही.”

“ते माहीत हाय,” ती म्हणाली, आणि या वेळी ती हसलीच.

आता ‘आईला देतो’ म्हणायची वेळ होती आणि तेच म्हणता येत नव्हते. तिनेही फोन ठेवला नाही. “लावा तुमी तुमचं,” ती म्हणाली, “मी न्हाई काढत आता.” मी म्हणालो, नको, तू लाव. ती म्हणाली, तुमी लावा. दारात चपला घालताना पाहुण्यांचे होते तसे आमचे थोडा वेळ झाले.

“ते मांजरसुंब्याला बसून आणलेलं लावा की,” ती म्हणाली. “त्याला माझी आडकाठी न्हाई. मी फोनवरनंच ऐकते.”

“ती तोडी आहे. सकाळी ऐकायची असते.”

“मी आत्ताच उठलेय, पप्पा.”

यावर शास्त्राधार नव्हता. मी लॅपटॉप उघडला, स्पीकर त्याला जोडला आणि फोन स्पीकरसमोर धरला. टेलिफोनमधून जाणारी कंप्रतांची पट्टी अरुंद असते. बोलणे समजावे इतके ठेवून तो वरचे-खालचे कापून टाकतो. हेही मी शिकवलेले आहे. इतके महिने विचार करून मी जे म्हणून विकत घेतले होते, ते सगळे वाटेत गळत होते. हात अवघडला तसा मी दुसऱ्या हातात फोन घेतला. गायक अजून खालच्याच स्वरांत होते.

“पप्पा,” काही वेळाने फोनमधून आवाज आला, “हे अजून किती हाय?”

“बरंच.”

“असू द्या,” ती म्हणाली.